७५ची ॲस्पिरिन वीस मिनिटांत अर्धी होते म्हणे, मग दिवसाला एकच कशी पुरते?

कापूरबावडी_सिग्नल

मंडळी, इथे फार्मावाले, बायोकेमवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. बाबांची अँजिओप्लास्टी झाली दिवाळीच्या आधी, स्टेंट बसवलाय, आता सगळं ठीक आहे, सकाळी तलावपाळीला चक्कर मारून येतात. पण गोळ्यांचा डबा बघून मलाच धडकी भरते. ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल, ॲटोरवास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल.

तर काल सहज वाचत बसलो होतो, त्यात ॲस्पिरिनची हाफ लाइफ १५ ते २० मिनिटं दिलेली. म्हणजे बाबांचा पेपर वाचून होईपर्यंत गोळी रक्तातून जवळजवळ गायब. पँटोप्राझोलची पण तास-दीड तास. आणि दोन्ही दिवसाला एकदाच. उलट पॅरासिटामॉलची दोन-तीन तास, म्हणजे ह्यांच्यापेक्षा जास्तच, आणि ती मात्र ताप असेल तर दर सहा तासांनी! हिशोबच लागत नाही. बारावीला लॉक अँड की शिकलो होतो, चावी कुलपात जाते, काम होतं, बाहेर येते. मग चावी गेल्यावर पण कुलूप बंदच कसं राहतं?

अजून एक, बाबांचे गुडघे दुखतात तर सोसायटीतल्या एका काकांनी त्यांना आयब्युप्रोफेनची पट्टी दिलीय. बाबांचं म्हणणं, ही पण ॲस्पिरिनच्याच जातीची, डबल फायदा. शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्यांना विचारणारच आहे, पण मला आतलं मेकॅनिझम समजून घ्यायचंय. सोप्या भाषेत सांगा पण बाळबोध नको.

तुर्भे_एमआयडीसी

भाऊ पहिलं काम, ती आयब्युप्रोफेनची पट्टी शुक्रवारपर्यंत कपाटात टाका. का ते रात्री लिहितो, आत्ता शिफ्टला आहे.

ॲस्पिरिनचं आत्ता सांगतो. प्लेटलेटमध्ये कॉक्स-१ नावाचा एन्झाइम असतो, त्याच्या पोटात एक लांब अरुंद बोगदा आहे, त्यातून ॲराकिडॉनिक ॲसिड आत जातं आणि पुढच्या पायऱ्यांत त्याचं थ्रॉम्बॉक्सेन बनतं, जे प्लेटलेटना एकमेकींना चिकटा म्हणून सांगतं. ॲस्पिरिन त्या बोगद्यात शिरते आणि नुसती बसत नाही, स्वतःचा ॲसिटाइल ग्रुप तोडून तिथल्या सेरीनला (हे एक अमिनो ॲसिड), ५३० नंबरचं सेरीन, कोव्हॅलंट म्हणजे पक्क्या रासायनिक बाँडने लावून टाकते. बोगदा बंद. उरलेलं सॅलिसिलेट निघून जातं, ते लिव्हर बघून घेईल. म्हणजे तुम्ही हाफ लाइफ बघताय औषधाची, आणि बघायला पाहिजे त्या बिघडवलेल्या एन्झाइमची.

आता प्लेटलेटला न्यूक्लिअस नसतो. न्यूक्लिअसमधला डीएनएच नाही तर नवा कॉक्स कुठून बनवणार बिचारी. ती मरेपर्यंत तशीच फिरते, आणि तिचं आयुष्य ७ ते १० दिवस. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, तेवढ्यांना गाठायला रोजची एक छोटी गोळी पुरते. ऑपरेशनच्या आधी काही पेशंटना ॲस्पिरिन आठवडाभर आधी बंद करायला सांगतात ते ह्याच्यामुळेच (स्टेंटवाल्यांनी मनाने बंद करायची नाही हां, अजिबात नाही). रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना न्यूक्लिअस असतो, त्या काही तासांत नवा कॉक्स बनवून मोकळ्या, म्हणून कमी डोसमध्ये मार मुख्यतः प्लेटलेटवरच बसतो.

पॅरासिटामॉल असं काही कायमचं चिकटवत नाही, रक्तातून उतरली की ताप परत वर. म्हणून सहा तास.

कापूरबावडी_सिग्नल

भारी!! म्हणजे गोळी जाते पण बोगदा बुजलेलाच राहतो. पँटोप्राझोलचं पण हेच का? आणि मग कुठली औषधं बसून उठतात आणि कुठली कायमची चिकटतात हे ठरतं कशावर?

नेरूळ_स्टेशन_पूर्व

मी बीएस्सीला बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, चालवून घ्या.

पँटोप्राझोल हो, तोच प्रकार, पण मला विचाराल तर जास्त चलाख. गोळीतलं औषध स्वतः काहीच करत नाही. ते रक्तातून पोटाच्या ॲसिड बनवणाऱ्या पेशींपर्यंत जातं, तिथे जिथे ॲसिड बाहेर पडतं त्या बारीक नाल्यांमध्ये साठतं, आणि तिथल्या ॲसिडनेच त्याचं रूप बदलून ते ॲक्टिव्ह होतं. मग ॲसिड बाहेर टाकणाऱ्या प्रोटॉन पंपाच्या सिस्टीनशी (हे पण अमिनो ॲसिडच) डायसल्फाइड बाँड, तो पण कोव्हॅलंटच. पेशी नवे पंप बनवेपर्यंत, म्हणजे दीड-दोन दिवस म्हणा, तो पंप बंद. आता उपाशीपोटी का, तर खाल्ल्यावर पंप कामाला लागतात, आणि चालू पंपालाच औषध धरतं, झोपलेल्याला नाही. म्हणून नाश्त्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे पंप चालू होतील तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. लोक रात्री वडापाव मिसळ चापून छातीत जळजळ झाली की पँटो घेतात आणि मग म्हणतात असर नाही. पूर्ण असर यायला तीन-चार दिवस लागतात, कारण रोजच्या एका डोसात सगळे पंप सापडत नाहीत.

आता बसून उठणारी. बहुतेक औषधं ह्याच जातीची. हायड्रोजन बाँड, विरुद्ध चार्ज, तेलकट भाग तेलकट खोबणीत, असे कमजोर धागे, एकेकटे काहीच नाहीत पण सगळे मिळून धरून ठेवतात. कोव्हॅलंट नाही त्यामुळे सुटतं, परत बसतं, परत सुटतं. बाबांची ॲटोरवास्टॅटिन अशी. एचएमजी-कोए रिडक्टेज हा लिव्हरमधला कोलेस्टेरॉलच्या वाटेवरचा एन्झाइम, त्याच्या खऱ्या सबस्ट्रेटची (म्हणजे एन्झाइम ज्या रेणूवर काम करतो त्याची) जी जागा तीच स्टॅटिन पटकावते. हे म्हणजे सकाळी ८.१० च्या ठाणा स्लोमधली एकच रिकामी सीट आणि दोन जण. जो जास्त संख्येने आहे किंवा ज्याची पकड घट्ट, त्याला सीट. सबस्ट्रेट वाढवत नेलं तर इनहिबिटरला, म्हणजे अडवणाऱ्या रेणूला, उठवता येतं, म्हणून अशा काँपिटिटिव्ह प्रकारात व्हीमॅक्स (एन्झाइमचा कमाल वेग) तेवढाच राहतो आणि केएम (अर्ध्या वेगाला लागणारं सबस्ट्रेट) वाढल्यासारखा दिसतो (पोरांनो पेपरात हे उलटं लिहून येता दर वर्षी). स्टॅटिनच्या बाबतीत मात्र पकड हजार पटीने जास्त आहे, सबस्ट्रेट मायक्रोमोलरच्या हिशोबात, स्टॅटिन नॅनोमोलरच्या म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाच्या, त्यामुळे सबस्ट्रेट कितीही धडपडलं तरी सीट मिळत नाही. पहिलं स्टॅटिन १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एंडोंनी पेनिसिलियमच्या एका बुरशीतून काढलं, हजारो बुरशी चाळून. आपल्याला बुरशी दिसली की आपण फेकतो.

खारघर_टेकडी

मॅडम सीटचं उदाहरण छान आहे पण अर्धवट आहे, माफ करा. सीट बसणाऱ्याला बघून आकार बदलत नाही, एन्झाइम बदलतो. एमिल फिशरचं लॉक अँड की १८९४ चं, त्यानंतर १९५८ मध्ये कोशलंडने इन्ड्यूस्ड फिट मांडलं, म्हणजे रेणू बसताना एन्झाइम त्याच्याप्रमाणे आकार बदलतो, आणि १९६५ मध्ये मोनो, वायमन, शाँजो यांनी म्हटलं की प्रोटीन मुळातच दोन अवस्थांमध्ये हेलकावे खात असतं आणि रेणू येऊन त्यातली एक पकडून ठेवतो. ॲलोस्टेरी म्हणजे हेच, रेणू बसतो भलतीकडेच, ॲक्टिव्ह साइटपासून लांब, आणि सगळ्या प्रोटीनचा तोल बदलतो. ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवरचा फॉस्फोफ्रुक्टोकायनेज घ्या, एटीपी (पेशीचं इंधन) हे त्याचं सबस्ट्रेट पण आहे आणि एटीपी जास्त झालं की तेच दुसऱ्या खोबणीत बसून एन्झाइमला मंद करतं. पेशीकडे एनर्जी भरपूर असेल तर ग्लुकोज जाळायचं कशाला. इथे सीटचं उदाहरण कुठे बसवणार?

इमॅटिनिब हे कॅन्सरचं औषध ह्याच्यासाठी शिकवायला सर्वात चांगलं. सीएमएल ब्लड कॅन्सरमध्ये बीसीआर-एबीएल कायनेज (एटीपीवरून फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनला लावणारा एन्झाइम) सतत चालू राहतं. एटीपीची जागा शेकडो कायनेजमध्ये जवळपास सारखीच असते, तिथे नेम धरणं अवघड. इमॅटिनिब एबीएलच्या बंद अवस्थेला जाऊन धरतं, आणि बंद अवस्थेत कायनेज एकमेकांपेक्षा बरीच वेगळी दिसतात. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आणि मग एकाच अमिनो ॲसिडचा बदल, ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन, एक हायड्रोजन बाँड गेला, वर अडथळा आला, औषध बसेनाच. अख्ख्या प्रोटीनमध्ये एक जागा. आमच्याकडे खारघरला लॅबमध्ये ह्या विषयावर चहा थंड होतो रोज.

नेरूळ_स्टेशन_पूर्व

मी काँपिटिटिव्हसाठी सीट म्हटलं होतं, ॲलोस्टेरीसाठी नाही. वाचायची घाई पीएचडीवाल्यांनाच असते.

माजिवडा_मिसळ

थांबा थांबा, पकड घट्ट त्याला सीट हे वाचून डोक्यात आलं, विषारी दारू प्यायलेल्याला हॉस्पिटलमध्ये चांगली दारू देतात असं ऐकलंय ते खरं आहे का? की आमच्या ऑफिसमधल्या एकाची थाप?

तुर्भे_एमआयडीसी

खरं आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, आठवत असेल. त्या दारूत मिथेनॉल होतं. आता मिथेनॉल स्वतः फार विषारी नाही, लिव्हरमधला अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतो, पुढे फॉर्मिक ॲसिड, आणि ते ॲसिड पेशींचा श्वास बंद करतं, डोळ्याची नस पहिली जाते. त्याच एन्झाइमला इथेनॉल मिथेनॉलपेक्षा दहा-वीस पट जास्त आवडतं. म्हणून मोजून मापून इथेनॉल दिलं की एन्झाइम त्यातच गुंतून राहतो आणि मिथेनॉल तसंच्या तसं किडनीवाटे, डायलिसिसने बाहेर काढता येतं. आता फोमेपिझोल नावाचं औषध आहे, ते तर फक्त जागा अडवतं, नशा नाही. पण हा घरी करायचा प्रकार नाही, लगेच हॉस्पिटल, एक एक तास महत्त्वाचा असतो.

आता आयब्युप्रोफेन, सकाळी म्हटलं होतं ते.

ती पण त्याच बोगद्यात जाते. फरक इतकाच की ती कोव्हॅलंट काही करत नाही, नुसती बसते, चार-सहा तासांनी निघते. आता समजा बाबांनी सकाळी सातला आयब्युप्रोफेन घेतली आणि आठला ॲस्पिरिन. ॲस्पिरिन येते तर बोगदा भरलेला, सेरीनपर्यंत पोचताच येत नाही. आणि तिच्याकडे वेळ किती? तुम्हीच लिहिलंय, १५-२० मिनिटांत अर्धी. तासाभरात ती सॅलिसिलेट होऊन संपली. दुपारी आयब्युप्रोफेन उठून गेली, बोगदा मोकळा, ॲस्पिरिन नाही, प्लेटलेट एकदम ठणठणीत आणि गुठळी करायला तयार. स्टेंटवाल्या माणसाला नेमकं हेच नको असतं. म्हणजे जी हाफ लाइफ तुम्हाला कोडं वाटत होती ना, तीच इथे नडते. ज्याला कायमचं चिकटायचंय त्याला दार उघडं मिळालं पाहिजे, एकदाच, पण मिळालं पाहिजे.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं, आयब्युप्रोफेन आधी दिली तर ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरचा असर अडतो, ॲस्पिरिन आधी आणि दोन तासांनी आयब्युप्रोफेनचा एकच डोस दिला तर अडत नाही, पण आयब्युप्रोफेन दिवसातून तीनदा चालू असेल तर ॲस्पिरिन आधी घेऊन पण गोची होते, कारण रात्रीची आयब्युप्रोफेन सकाळपर्यंत थोडी बसलेलीच असते. २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सूचना काढली, साध्या ॲस्पिरिननंतर निदान अर्धा तास थांबून किंवा तिच्या आठ तासांहून जास्त आधी आयब्युप्रोफेन घ्या. आणि हे साध्या गोळीचं, आपल्याकडे ७५ची बऱ्याचदा कोटिंगवाली असते, ती आतड्यात उशिरा सुटते, तिला हे टायमिंग लावून चालणार नाही. त्याच अभ्यासात पॅरासिटामॉलने असा अडथळा केला नाही. डायक्लोफेनॅकने पण नाही, पण म्हणून डायक्लो सुरू करू नका, हृदयवाल्यांसाठी तिची वेगळी भानगड आहे.

कळवा_नाईट_ड्युटी

नर्स आहे, वॉर्डमधला अनुभव आहे म्हणून लिहिते. सेरीनचं वाचून आठवलं, फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट शहापूर मुरबाडकडून यायचे. ते ऑर्गॅनोफॉस्फेट पण सेरीनलाच चिकटतं, पण ॲसिटाइलकोलिनेस्टरेजच्या. मग ॲसिटाइलकोलीन (नसांचा निरोप नेणारा रेणू) तुटतच नाही, साचत जातं, लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत नुसतं पाणी. ॲट्रोपिन देत राहायचं, फुप्फुसं कोरडी होईपर्यंत, आणि नवीन मुलींना वाटतं ॲट्रोपिन विष उतरवतं. नाही. ते एन्झाइमला हात पण लावत नाही, ते पलीकडे रिसेप्टरवर ॲसिटाइलकोलीनची जागा धरतं, म्हणजे साचलेल्याचा मार कमी. एन्झाइम सोडवायचं काम पामचं, प्रॅलिडॉक्सिम, ते फॉस्फेट ओढून काढतं. पण लवकर दिलं तर. उशीर झाला की तो बाँड पक्का होतो, त्याला एजिंग म्हणतात, मग पाम देऊन पण सुटत नाही आणि शरीर नवा एन्झाइम बनवेपर्यंत पेशंट व्हेंटिलेटरवर. आणि ॲट्रोपिन म्हणजे धोतऱ्यात असतं तेच, म्हणून जास्त झालं की बाहुल्या मोठ्या आणि पेशंट बडबडायला लागतो.

माजिवडा_मिसळ

धोतरा! आमची आजी त्याच्या जवळ फिरकू द्यायची नाही. असो. ते रिसेप्टर आणि एन्झाइम ह्यात फरक काय पण? दोन्हीत जाऊन बसायचंच आहे ना?

खारघर_टेकडी

बसायचंच आहे, पण बसल्यावर काय होतं ते वेगळं. एन्झाइम समोरच्या रेणूचं काहीतरी वेगळंच बनवतो. रिसेप्टर रेणूला हातही लावत नाही, रेणू बसल्याने स्वतःचा आकार बदलतो आणि आत पेशीला निरोप देतो. म्हणून तिथे दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या, किती घट्ट बसतो आणि बसून निरोप जातो का. मेटोप्रोलॉल हृदयाच्या बीटा-१ रिसेप्टरवर चांगली बसते पण निरोप शून्य, उलट ॲड्रिनलिनला जागा देत नाही, म्हणून धडधड कमी. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा ब्लॉकर ह्याच विचाराने आणले, १९८८ चं नोबेल मिळालं. काही रेणू बसून अर्धाच निरोप देतात, ब्युप्रेनॉर्फिन तसं आहे, घट्ट बसतं, मॉर्फिनला हटवतं, पण स्वतःचा जोर एका मर्यादेवर जात नाही.

शिवाय रिसेप्टर गप्प बसत नाहीत. महिनोन्महिने ब्लॉक केले की पेशी जास्त रिसेप्टर वर आणते. मग एक दिवस मनाने मेटोप्रोलॉल बंद केली की तेवढंच ॲड्रिनलिन, पण ऐकणारे कान वाढलेले, छातीत दुखणं, बीपी सगळं उसळतं. हळूहळू उतरवा म्हणतात ते ह्यासाठी. 

आणि तुर्भेवाल्या दादांच्या मुद्द्याला पुरवणी, दिवसभर टिकायला कोव्हॅलंटच पाहिजे असं काही नाही. सीओपीडी ह्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या इनहेलरमधलं इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम, दोन्ही एकाच एम-३ रिसेप्टरवर बसतात, दोन्ही सुटतात. पहिलं पटकन सुटतं म्हणून दिवसातून तीन-चारदा, दुसरं सुटायलाच दिवस लावतं म्हणून एकदा. हाफ लाइफ बघायची तर ह्या बसलेल्या जोडीची बघा.

कापूरबावडी_सिग्नल

शुक्रवारची अपडेट. डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन बंद केली, गरज पडली तर पॅरासिटामॉल आणि गुडघ्याला फिजिओ. बाबांना तुर्भेवाल्यांचा सात-आठ वाजताचा हिशोब वाचून दाखवला, त्यांनी काकांना पट्टी परत केली आणि वर त्यांनाच लेक्चर दिलं.

शेवटचा प्रश्न. घरी आधीची ओमेप्राझोलची पट्टी उरलीय, आईचं म्हणणं पँटोच्या ऐवजी ती संपवू, दोन्ही ॲसिडिटीच्याच. डॉक्टर नाही म्हणाले पण पुढचा पेशंट आत आला आणि कारण राहिलं. आणि शेजारच्या मावशींना स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल नाही, टिकाग्रेलॉर दिलीय, ती दिवसातून दोनदा. का?

नेरूळ_स्टेशन_पूर्व

आईंना सांगा, ॲसिडिटीसाठी सारख्या, पण क्लोपिडोग्रेलसाठी नाहीत. क्लोपिडोग्रेल पण स्वतः निकामी असते, लिव्हरमधले एन्झाइम तिला ॲक्टिव्ह करतात, त्यातला मोठा वाटा सीवायपी२सी१९ चा. ओमेप्राझोल नेमक्या त्याच एन्झाइमला अडवते, मग ॲक्टिव्ह औषध कमी बनतं. पँटोप्राझोल त्याला फारसा त्रास देत नाही. काही माणसांत हा एन्झाइम जन्मतःच मंद असतो, आपल्या लोकांत हे प्रमाण दुर्मिळ नाही, त्यांना क्लोपिडोग्रेल कमी लागू पडते.

मावशींचं, तर दोन्ही औषधं प्लेटलेटच्या एकाच रिसेप्टरवर जातात, पी२वाय१२. क्लोपिडोग्रेलचं ॲक्टिव्ह रूप तिथे डायसल्फाइडने कायमचं जोडलं जातं, प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणून दिवसाला एक. टिकाग्रेलॉरला लिव्हरने ॲक्टिव्ह करायची गरज नाही, ती एडीपीच्या (प्लेटलेटना चिकटा म्हणून निरोप देणारा रेणू) जागेला धक्का न लावता दुसऱ्या जागी बसते, आणि सुटते. सुटते म्हणून दोनदा. मावशींना सांगा संध्याकाळची चुकवू नका, क्लोपिडोग्रेलवाल्यांपेक्षा त्यांचा असर लवकर उतरतो. काहींना तिने थोडी धाप लागल्यासारखं होतं, तसं वाटलं तर मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करायचा.

माजिवडा_मिसळ

ॲडमिन, हा धागा वर पिन करा. आणि खारघर, नेरूळ, तुम्ही दोघं एकाच हार्बर लाइनवर आहात ना, सीटवरून भांडण तिथेच मिटवा.